गुरुजींची डबी

देवांगन गुरुजी दिवसातून चार वेळा दात घासत. गावात इतकं कुणी घासत नसे, आणि त्यांच्या वयाच्या कुणाचे इतके दात पडलेलेही नव्हते. घासायचे ते गुडाखूने. तंबाखू आणि गुळाचा काळा, चिकट लगदा बोटाच्या टोकावर घ्यायचा आणि तळ्याच्या पायरीवर बसून, डोळे अर्धे मिटून, अर्धा तास बोट फिरवत राहायचं. मधेमधे थुंकत गावच्या कारभाराचा निकालही लावायचा. महानदीकाठच्या त्या गावात याला व्यसन म्हणत नसत. दात साफ करणं म्हणत.

शाळेत मात्र गुरुजी ब्रश शिकवत, आणि झकास शिकवत. वाटाण्याएवढी पेस्ट, वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर, गोड खाल्लं की खळखळून चूळ, आणि रात्री घासल्याशिवाय झोपायचं नाही. चौथीतली सोनकुंवर प्रार्थनेआधी प्रत्येकाचं तोंड तपासे. नापास तो चिंचेखाली उभा. "सरपंचाचा नातू असो की माझा," गुरुजींनी बजावलं होतं, "सूट कुणाला नाही."

सोमवारी पहिलीतली फगनी शाळेच्या हापशापाशी भडाभडा ओकली. तोंड काळं, अंगाला घाम. गुरुजींनी तिला धरून चूळ भरवली.

"काय खाल्लंस गं?"

"खाल्लं नाही. दात घासले. तुमची डबी पायरीवर राहिली होती." तिने ती खिशातून काढली.

तिच्या पाठीवरचा गुरुजींचा हात लगेच डबीकडे गेला. "हे लहान पोरांचं नाही, बाळ."

"मग कितव्या वर्षापासून घासायचं?"

"मोठं झाल्यावर... म्हणजे हिरडी ठणकते तेव्हा..."

"तुमची ठणकते?" सोनकुंवरने विचारलं.

"कधी कधी."

"आ करा, गुरुजी."

बेचाळीस पोरं बघत होती. आजवर गुरुजींचं प्रत्येक अक्षर त्यांनी खरं मानलं होतं. आता तोंड मिटलेलं ठेवलं, तर उद्यापासून मानणार नव्हती, ब्रशाचंसुद्धा. त्यांनी आ केला.

सोनकुंवर नाक मुरडून बराच वेळ बघत राहिली. "खाली तीन किडलेत. वरचे पाच नाहीतच. हिरडीवर पांढरा डाग आहे." मग त्यांच्या मुठीतली डबी काढून घेत तिने चिंचेकडे बोट दाखवलं.

गुरुजी झाडाखाली उभे असताना फगनीची आजी नातीला न्यायला आली. "काय गुरुजी, पाढे आले नाहीत वाटतं?" हसताना तिचे ओठही काळे दिसत होते.

दुपारपर्यंत गुरुजींचं डोकं ठणकायला लागलं. डबी कपाटात होती, जप्त गोट्या आणि गलोलींशेजारी. तिथला नियमही त्यांचाच होता.

"आईला घेऊन या," सोनकुंवर म्हणाली, "मग देते."

आई ऐंशीची होती, पण या कामाला आनंदाने आली असती. गुरुजी फगनीएवढे असताना दाढ दुखते म्हणून त्यांच्या हिरडीवर गुडाखूचं पहिलं बोट तिनेच फिरवलं होतं.

त्यांनी आईला निरोप धाडला नाही. मंगळवारी सकाळी नवा ब्रश घेऊन ते हापशावर फगनीच्या मागे उभे राहिले.

"इतकं जोरात नाही, गुरुजी," फगनी म्हणाली. "वरून खाली."

दोन मिनिटांत घासून झालं. उरलेल्या अठ्ठावीस मिनिटांचं काय करायचं, ते त्यांना सुचेना. बोट मात्र रिकाम्या खिशात फिरत राहिलं.