नगरसेवक मर्व्हिन हॅमिल यांची शिडी

मी एक जुनी अॅल्युमिनियमची शिडी आहे. मित्रांनो, मला कारखान्यात घडवलं, तेव्हा माझं मत कुणी विचारलं नव्हतं. नंतरही नाही.

मला मर्व्हिन हॅमिल यांनी विकत घेतलं. ड्रमकीरनमध्ये त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, आणि ते युनियनवादी पक्षाचे नगरसेवक होते. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं, असं त्या पक्षाचं म्हणणं. आमच्या गावात याविरुद्ध बोलणारा माणूस शोधायला नदीपलीकडे जावं लागे. तरी मर्व्हिन दर निवडणुकीत आम्हाला त्या पलीकडच्यांपासून वाचवत.

माझ्यावर चढून ते खांबाखांबावर स्वतःचा छापील चेहरा बांधत. खाली नॉर्मन क्रॉथर्स, त्यांचा जुना कार्यकर्ता, मला धरून उभा असे.

"मर्व्हिन, खांबावर तू घरच्यापेक्षा हसरा दिसतोस!"

"घरी मतं मिळत नाहीत रे."

जुलैत, युनियनवाद्यांच्या मिरवणुकांच्या महिन्यात, माझ्यावरूनच ब्रिटनचे झेंडे चढत. निकालानंतर चेहरे उतरत, झेंडे नाही. वाऱ्यापावसात त्यांच्या चिंध्या होत. त्या उतरवायच्या नाहीत असा नियम कुणीच केला नव्हता, त्यामुळे तो मोडायची कुणाची छातीही नव्हती.

एका निवडणुकीच्या तोंडावर म्हाताऱ्या मिसेस टॅगर्ट दुकानात आल्या. त्यांचा नवरा अर्नी शेवटच्या दुखण्यात होता.

"खिडकीसमोरचा तो फाटका झेंडा उतरव रे बाबा. जरा डोळा लागला की फटॅक! चाबूकच."

"मतदान होऊ दे, काकू. मग बघतो."

"अर्नीला सांगते तसं. म्हणावं, मर्व्हिनच्या सोयीने मर."

दुसऱ्या दिवशी मर्व्हिननी मला भर दुपारी त्या खांबाला लावलं. लपून काढला तर चोर ठरेन, म्हणाले. नवा चेहरा बांधायचाय असं समजून नॉर्मनने मला धरलं.

"अरे, काय करतोयस?"

"चिंधी झालीय रे. झेंड्याचाच अपमान आहे हा."

"चिंधी असली तरी आपली आहे. खाली ये."

मर्व्हिन गाठ सोडत राहिले. नॉर्मनने हात काढून घेतले आणि तो चालू लागला. मी डगमगले. मर्व्हिन पडले नाहीत. ते पडणं मतमोजणीच्या दिवसासाठी राहिलं. घडी केलेला झेंडा कोटाखाली धरून ते उतरले, तेव्हा मिसेस टॅगर्ट दारात आल्या.

"घोरतोय!" त्या कुजबुजल्या.

संध्याकाळी दुकानाच्या दारावर रंगाने लिहिलेलं होतं : गद्दार. नॉर्मनने पक्षातर्फे मर्व्हिनविरुद्ध अर्ज भरला आणि तोच निवडून आला. मिसेस टॅगर्ट दुकानात आल्या, त्या खाली मान घालूनच.

"तुला कसं देणार होते मत? मला त्या गल्लीत राहायचंय."

"खरंय, काकू," मर्व्हिन म्हणाले.

शिडी पक्षाची, असं म्हणून नॉर्मन मला घेऊन गेला. त्याच खांबावर त्याने नवा, मोठा झेंडा लावला आणि वरूनच ओरडला, "काकू, कसा दिसतो?"

"छान दिसतो हो," म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

आठवडाभरात अर्नी गेला. आमच्याकडे शवपेटीला सगळं गाव पाळीपाळीने खांदा देतं. नॉर्मनच्या गाडीच्या टपावरून मी पाहत होते. मर्व्हिन रांगेत उभे होते. पुढचे सरकत होते, मागचे त्यांना ओलांडून जात होते. दफनभूमीचं फाटक आलं, तरी त्यांची पाळी आली नाही.

मित्रांनो, शिडीने शेवटी विनंती करायची असते. मला पावसात टाकू नका, बोल्ट आवळत जा. आणि वर चढलेल्याचं तुम्हाला पटलं नाही, तर तो उतरल्यावर त्याच्याशी भांडा. तोवर मला धरा. नॉर्मनलाही मी हेच सांगते. तो माझ्यावर चढतो, आणि गाठ बांधण्याआधी खाली कोण उभं आहे हे दोनदा वाकून बघतो.