टरफलांची वाइन

छत्तीस वर्षं प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या फुंकल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना फुंकणीकाका म्हणायची. निवृत्तीनंतर फुंकायला काही उरलं नाही, तेव्हा काकांनी घराच्या मागच्या खोलीतला आपला जुना छंद ऐसपैस मांडला. वाइनचा. आलुबुखार, सफरचंद, संत्री, एकदा तर बीटसुद्धा. बुधला उघडून नाक आत घातलं की काका सांगायचे, अजून पंधरा दिवस. आणि ते पंधरा दिवसच असायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. तो गेला, पण जाताना वास घेऊन गेला. काकांनी वाट पाहिली, वाफा घेतल्या, कांदे फोडले. नाक जागच्या जागी, पण कामातून गेलेलं. चवही धड कळेना. ज्याच्या नाकावर गल्लीचा भरवसा, त्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? काका गप्प राहिले आणि आठवणीवर बाटल्या भरत राहिले.

शेजारच्या डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी काकांनी ऐटीत सहा बाटल्या नेल्या. सगळ्यांनी एकेक घोट घेतला, "वा!" म्हटलं आणि पेले हळूच कुंड्यांच्या आड ठेवले. काकांना वाटलं, यंदा लोक जरा बेतानं पितायत.

त्यांना जिन्यापाशी गाठलं ते वहिनींनी. थोरल्या भावाच्या पत्नी, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. मटार गोठवण्याच्या कारखान्यात माल तपासायच्या टेबलावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. बिघडलेलं पोतं त्या दारातूनच ओळखायच्या. दारूच्या थेंबाला मात्र कधी शिवल्या नव्हत्या.

"भाऊजी, तुमच्या वाइनचं व्हिनेगर झालंय. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की."

वहिनींनी तळहात त्यांच्या नाकासमोर धरला. "मग हा कसला वास?"

काकांनी अंदाज बांधला. "साबण."

"लसूण. तासभर सोलत होते."

काकांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागच्या खोलीला कडी लावली ती लावलीच.

महिनाभराने एका शनिवारी दुपारी वहिनींनी दार वाजवलं. हातात दोन मोठ्या पिशव्या, मटारच्या हिरव्यागार टरफलांनी फुगलेल्या.

"कारखाना फेकून देतो. याची करा."

"टरफलांची वाइन? लोक हसतील मला."

"हसू देत. आलुबुखाराची केलीत तर रोज आठवत बसाल, पूर्वी कसा वास यायचा म्हणून. याचा तुम्हाला तरी कुठे माहितेय? वास मी सांगेन, बाकीचं तुम्ही करा."

काकांनी पातेलं चढवलं. दोन किलो टरफलं, पाच लिटर पाणी. मऊ झाल्यावर गाळून त्या पाण्यात दीड किलो साखर, दोन लिंबं, मूठभर बेदाणे, तुरटपणासाठी कपभर कडक चहा. कोमट झाल्यावर यीस्ट. फसफस ओसरल्यावर सगळं बुधल्यात, आणि तोंडाला काकांनीच फुंकलेली वाकडी नळी. आतली हवा बाहेर, बाहेरची आत नाही.

मग दर शनिवारी वहिनी यायच्या, बूच काढून हुंगायच्या. काका वहीत लिहायचे. 'ओली सुतळी.' 'नवं कोरं पुस्तक.' एकदा वहिनी म्हणाल्या, "मुकाट बसलेल्या पोरासारखा," आणि काकांनी तेही लिहून घेतलं.

चौथ्या महिन्यात काका नळीने वरची नितळ वाइन दुसऱ्या बुधल्यात उतरवत होते. खाली गाळ उरत होता. काकांनी सहज विचारलं, "वहिनी, एवढं तिखट नाक कारखान्याने दिलं का हो?"

"तुमच्या दादांनी दिलं. संध्याकाळी दारात उभे राहिले की श्वासावरून कळायचं, आजची रात्र कशी जाणार ते."

काकांच्या हातातली नळी तशीच राहिली. दादा जाऊन अकरा वर्षं झाली होती. जो प्रश्न या अकरा वर्षांत घशातून वर आला नव्हता, तो आज आला.

"माझ्या वाइनचा वास असायचा?"

"पिऊ लागले ती पहिली दोन वर्षं तुमच्या वाइनचा. मग कुणाच्याही."

"मला तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर दादांनी दुसरीकडून आणली असती. आणि तुमच्याकडची मी निदान ओळखत होते." वहिनी बुधल्याकडे बघत राहिल्या. "अकरा वर्षं मी या खोलीवर राग धरून बसले, भाऊजी. खोलीला त्याचं काय? म्हटलं, आत चालतं तरी काय, एकदा बघावं."

काका म्हणाले, "चुकलंच माझं. तो मागायचा आणि मी कौतुक समजून द्यायचो."

वहिनींनी मानेनं हो म्हटलं. "नळी धरा नीट," त्या म्हणाल्या, "गाळ ढवळतोय."

वर्षाने वाइन निवळली. फिकट, उन्हातल्या काचेसारखी. वहिनींनी हुंगून सांगितलं, "चांगली झालीय. कापलेल्या गवतासारखी, थोडी लिंबाची." मग अचानक म्हणाल्या, "चमचा द्या."

चमचाभर वाइन त्यांनी जिभेवर घेतली, गिळली. चेहरा वेडावाकडा झाला.

"एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशासाठी, भाऊजी?"

काकांनी पाण्याचा पेला पुढे केला. वहिनी न घेताच उठल्या आणि जिना चढून गेल्या.

बाटल्या गल्लीत वाटल्या गेल्या. या वेळी पेले कुंड्यांमागे गेले नाहीत. काका प्रत्येकाला सांगत होते, "माझं नाक गेलंय. हे वहिनींच्या नाकाचं काम." सांगताना अवघड गेलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

पुढचे दोन शनिवार वहिनी आल्या नाहीत. काकांना वाटलं, संपलं. तिसऱ्या शनिवारी जिन्यावर पावलं वाजली. वहिनींच्या हातात पिशवी होती, घेवड्याच्या शेंगांची.

"रागावला होतात?" काकांनी विचारलं.

"छे! रडायचं राहिलं होतं, ते आटपून आले," वहिनी म्हणाल्या, आणि शेंगा निवडायला बसल्या.