राठ की मऊ

सलिल चार वर्षांनी कॅनडाहून येणार होता, तोही आठच दिवसांसाठी, आणि मी त्याच्यासाठी दाढीचा ब्रश आणायला निघालो होतो. "मुलगा येतोय, जावई नव्हे," वासंती म्हणाली. बायकोला काही गोष्टी समजावत बसू नये. कॉलेजात असताना सलिल रोज सकाळी माझ्या शेजारी बेसिनपाशी उभा राहून दाढी करायचा. साबण माझा, ब्रश माझा, आणि आरशात जागा पुरत नाही म्हणून कुरकुर त्याची. तशी एक सकाळ मला परत हवी होती. दुसरं काही नको.

कोथरूडातल्या दुकानदाराने तीन ब्रश काढून ठेवले. पहिल्याची किंमत ऐकून मी तो नुसता पाहून घेतला.

"मग हे दोन. स्वस्तातले आहेत, पण फेस चांगला येतो," तो म्हणाला. "दाढी राठ आहे की मऊ?"

"माझी?"

"ज्यांच्यासाठी नेताय त्यांची."

मुलगा रोज व्हिडिओवर दिसतो, काल काय जेवला तेही मला ठाऊक असतं. पण त्याच्या गालाला हात लागून किती काळ गेला होता! मला आठवत होती ती सतराव्या वर्षीची कोवळी लव.

"मुलाची. परदेशातून येतोय. मऊ आहे," मी ठासून सांगितलं.

"मग हा कृत्रिम केसांचा न्या. राठ असती तर हा दुसरा दिला असता. डुकराच्या केसांचा आहे."

"छे, आमच्याकडे नाही चालणार."

"दाढीला लावायचाय, पानात वाढायचा नाहीये," तो म्हणाला. पुण्यात याला आपुलकीच समजायचं.

सलिल आला तो दाढीचं मशीन घेऊन. फोनवर बोलता बोलता गुर्र करून दाढी उरकायचा. ब्रश बेसिनवर कोरडाच. मी रोज जीव टांगणीला लावून बघत राहायचो. शेवटच्या सकाळी मशीनचं चार्जिंग संपलं. मला इतका आनंद झाला की लपवायला टॉवेल शोधावा लागला.

"बाबा, तुमचा ब्रश द्या ना."

"तुझाच आहे तो."

आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. तो मऊ ब्रश त्याच्या गालावर नुसता लोळत होता. फेस वरच्या वर, खालचे केस कोरडे. शेवटी मीच बोटांनी फेस चोळून दिला. किसणीवरून हात फिरवावा तसं वाटलं. राठ! माझा अंदाज साफ चुकला होता, आणि तरी हात काढवेना. सलिलने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मान मात्र हलवली नाही.

रात्री तो गेला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात हजर.

"वापरलेला बदलून मिळणार नाही," दुकानदार म्हणाला.

"बदलायला नाही आलो. राठ दाढीचा द्या."

"आले का चिरंजीव?"

"गेले."

त्याने ब्रश पुढे केला. मग जरा थांबून म्हणाला, "नवा आहे तोवर टोचेल. रोज वापरात राहिला की केस मऊ पडतात, पाणी धरतात. मग फेस बघा. पण वेळ लागतो."

"लागू दे."

आता रोज सकाळी मी तो कोमट पाण्यात भिजवतो आणि माझ्याच गालावर फिरवतो. चांगला टोचतो. केस कसले आहेत ते वासंतीला सांगितलेलं नाही. सलिल येईपर्यंत तो तयार व्हायला हवा.