पुढल्या पगाराला

मी एक पितळी कुलूप बोलतोय. सध्या मुक्काम भोईवाड्यात, एका भंगारवाल्याच्या टोपलीत, मोडक्या बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्यांच्या शेजारी. माझी किल्ली माझ्याजवळ नाही. ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे, पण तिथवर माझा आवाज पोचत नाही. तुम्ही टोपलीत हात घालून मला उचललंच आहे, तर दोन मिनिटं ऐकून घ्या. भाव मग करा.

माझा जन्म अलीगढचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानशीने घासून गुळगुळीत केलं, पोटात सहा लिव्हर बसवले आणि पाठीवर ६१९ हा नंबर ठोकला. तेव्हापासून आकड्यांशी माझी ओळख झाली. अक्षरं मला येत नाहीत. आकडे मात्र देवनागरीतले, इंग्रजीतले, सगळे कळतात. या विद्येचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही, आणि माझी सगळी कहाणी तेवढीच आहे.

चोपन्न सालच्या दिवाळीत लालबागच्या एका दुकानातून मला गुणाजीने विकत घेतलं. गुणाजी म्हणजे परळच्या एका गिरणीतला साचेवाला, मागावर कापड विणणारा, मूळचा देवगडकडचा. त्या दिवशी त्याच्या खिशात बोनस होता. त्याने मला तीनदा ओढून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, हे चोराला उघडेल का. दुकानदार म्हणाला, चोराच्या बापाला उघडणार नाही. ते अगदी खरं होतं. चोर त्या घरात कधी आलाच नाही.

गुणाजीची खोली भोईवाड्यातल्या चाळीत, पहिल्या मजल्यावर. खोलीत तो आणि त्याची बायको दुर्गा. एकुलती मुलगी यशोदा लग्न होऊन लोअर परळला दिलेली. कॉटखाली एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती. तिच्या कोयंड्यात मी लटकलो आणि माझी किल्ली दुर्गाच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात गेली. दुसरी किल्ली नव्हतीच. दुकानातच हरवली होती.

एवढ्या थाटात कुलूप आणायला कारण झाला शेजारचा रामजी. रामजीने गिरणीत चाळीस वर्षं काढली. पगाराच्या दिवशी त्याच्याकडे मटण, पुतण्यांना नवे सदरे, आल्यागेल्याला चहा. वीस तारखेनंतर तो ट्रामचे पैसे वाचवायला चालत जायचा आणि तंबाखूसुद्धा दुसऱ्याच्या चंचीतून घ्यायचा. गिरणीने त्याला साठाव्या वर्षी घरी बसवलं तेव्हा त्याच्याजवळ पितळेचं एक टमरेल होतं. दोन महिने तो चाळीच्या गॅलरीत झोपला, मग बोटीने गावी भावाकडे गेला. भावाने त्याला पडवीत जागा दिली. चार महिन्यांनी कार्ड आलं, त्याचा एक कोपरा फाडलेला होता, म्हणजे मरणाची खबर. तसलं कार्ड कुणी घरात ठेवत नाही. दुर्गाने ते वाचून घेतलं आणि चुलीत घातलं.

त्याच आठवड्यात दोघांनी ठरवलं. गुणाजीच्या हिशेबाने त्याची अजून अकरा वर्षं नोकरी होती. दर पगाराला दहाची एक नोट ट्रंकेत टाकायची. अकरा वर्षांत गावच्या घराला कौलं आणि दारात एक म्हैस. कुणाच्या पडवीत पथारी नको. दुर्गाने मला पहिल्यांदा लावलं, किल्ली दोऱ्यात ओवली आणि नवऱ्याला बजावलं, "ह्या कुलूप उघडूचा नाय. मी मागलंय तरी नाय."

पहिल्या वर्षी आत अकरा नोटा जमल्या. बारावी गौरी-गणपतीला गेली, ते मी मनावर घेतलं नाही. झाकण मिटलं की दुर्गा मला एकदा ओढून बघायची आणि मग कपाळाला हात लावायची, देवाला लावतात तसा. मला फार बरं वाटायचं. आपण कुणाचं तरी म्हातारपण धरून आहोत, असं वाटायचं. कुलपाला एवढा मान कोण देतो?

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. पंचावन्नच्या नोव्हेंबरात आणि छप्पनच्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या. गुणाजी मोर्च्याला जायचा, घसा बसवून परत यायचा. मुंबई आमची म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण बंदच्या दिवसांचा पगार कापला जायचा आणि वाणी काही महाराष्ट्रासाठी थांबायला तयार नव्हता. दुर्गा कॉटखाली वाकली, किल्ली माझ्यात घातली, आणि गुणाजी म्हणाला, "पुढल्या पगाराला परत ठेवू."

हे वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकलं की मला ते पाठ झालं. जानेवारीत गोळीबार झाला, पलीकडच्या चाळीतला एक जवान मुलगा गेला. त्याच्या आईसाठी वर्गणी काढली तेव्हा दुर्गाने कुणालाही न विचारता मला उघडलं आणि दोन नोटा दिल्या. तिच्यावर मी रागावू शकलो नाही. तसा मी कधीच रागावू शकलो नाही. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं. कुणी दारू प्यायला मला उघडलं नाही, जुगाराला उघडलं नाही. उघडलं ते भाड्याला, औषधाला, यशोदाच्या दिवाळसणाला, गुणाजीच्या फाटलेल्या चपलेला. तुम्हीच सांगा, यातल्या कशाला मी नको म्हणणार होतो? आणि म्हटलं असतं तरी कशाने? चोर आला असता तर मी जीव गेला तरी सोडलं नसतं. घरची किल्ली आली की मात्र माझे सहाही लिव्हर आपोआप बाजूला होतात. मला तसंच बनवलं आहे.

आता मुख्य गोष्ट. त्या ट्रंकेत नोटांखाली फडक्यात गुंडाळलेले काही कागद होते. छप्पन साली गिरणीने फंडाच्या चिठ्ठ्या वाटल्या. गुणाजीला वाचता येत नव्हतं, दुर्गालाही नाही. त्याने चिठ्ठी न बघताच फडक्यात ठेवायला काढली. झाकण उघडं होतं, मी कडीला लोंबकळत होतो, आणि मला तिच्यावरचा आकडा दिसला. १९००. जन्मसालाशिवाय एवढा जुना आकडा त्या चिठ्ठीवर कशाचा असणार?

गुणाजी एकोणीसशे पाचचा. त्याच्या जन्माची हकीकत त्या खोलीत मी दहा वेळा ऐकली होती. अठरा साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली, माणसं गावाकडे पळाली, गिरण्यांची खाती ओस पडली. तेव्हा चुलत्याने तेरा वर्षांच्या गुणाजीला गिरणीत नेलं. पोराला अर्धा पगार मिळतो, जवानाला पुरा. म्हणून चुलत्याने त्याच्या ओठांवर काजळाची बारीक रेघ ओढली आणि कारकुनाला सांगितलं, वय अठरा. कारकुनाने मान वर न करता लिहून घेतलं. गुणाजी ही गोष्ट हसून हसून सांगायचा. त्या काजळाचे पाच वर्षं जादा पैसे खाल्ले म्हणायचा.

ती पाच वर्षं गिरणीच्या वहीतून कधी पुसली गेली नव्हती. गोष्टही ऐकलेला आणि आकडाही वाचलेला असा त्या खोलीत मी एकटाच होतो. अकरा वर्षं नव्हती, सहाच होती, आणि त्यातली दोन सरलीही होती. मी कोयंड्यावर आपटून पाहिलं. दुर्गा म्हणाली, वारा सुटलाय, आणि खिडकी लावून घेतली.

एकोणसाठच्या जानेवारीत एका रविवारी नॉर्मन घरी आला. हा टाइम ऑफिसातला कारकून, परळच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला, चर्चमधल्या मिसाहून परत जाताना थेट वर चढला. साठीला आलेल्यांची यादी त्यानेच लिहिली होती आणि गुणाजीचं नाव पाहून तो चमकला होता. त्याने चहाही घेतला नाही.

"गुणाजी, वहीपरमाणे तू पुढल्या सालच्या एप्रिलला साठचा होतोस," तो म्हणाला. "तू तर माझ्याएवढाच दिसतोस. गावचा जन्माचा दाखला आण. सायबाच्या टेबलावर मी ठेवतो. पण त्या एप्रिलच्या आत आण, बाबा. मागून आणलास तर मी काय करू? मी फक्त लिवतो."

नॉर्मन गेल्यावर गुणाजी भिंतीला टेकून विचार करू लागला. दाखला आणायचा म्हणजे तेव्हा खोटं बोललो हे कबूल करायचं. फसवलं म्हणून आत्ताच काढलं तर? फंडही बुडवला तर? गावी भावाला पत्र लिहावं म्हटलं, तर पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, म्हणजे चाळभर बोभाटा. त्याने ठरवलं, आपण स्वतःच जायचं, कुणाला कळू द्यायचं नाही. बोटीचं भाडं आणि आठ दिवसांचा बुडालेला पगार, म्हणजे चाळीस रुपये हाताशी हवेत. माझ्या पोटामागे तेव्हा पंचवीस होते.

माणसांची ही एक सवय मला आजवर कळलेली नाही. चालत्या महिन्याचा वाणी त्यांना दिसतो, पुढल्या वर्षीची भूक दिसत नाही. फेब्रुवारीच्या अगदी शेवटी चाळीस पुरे झाले. मार्चमध्ये तुंबलेल्या भाड्यासाठी मालकाचा माणूस दारात येऊन बसला, आणि वीस गेले. एप्रिल-मेमध्ये पुन्हा जमवाजमव झाली, पण जमेपर्यंत पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या. गणपतीनंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा आत पंचेचाळीस होते. गुणाजीने पिशवीत धोतर भरलं. मला वाटलं, आता जाणार.

त्याच दिवशी जावई धावत आला. यशोदा अडली होती. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, रक्त विकत आणायला हवं. दुर्गा वाकली. घाईत किल्ली दोनदा माझ्या तोंडावरून घसरली. सांगायला लाज वाटते, पण त्या दोन क्षणांत मला वाटलं, तिसऱ्यांदाही घसरू दे. मग किल्ली बसली आणि मी उघडलो.

यशोदा वाचली, मुलगीही वाचली. राजलक्ष्मी नाव ठेवलं. गुणाजी नातीला मांडीवर घेऊन म्हणाला, पुढल्या पगाराला परत ठेवू.

साठच्या फेब्रुवारीत नॉर्मनने जिन्यात गाठून खडसावलं, तेव्हा कुठे गुणाजीने लाज सोडली आणि त्याच्याकडूनच गावी भावाला, अण्णाला, पत्र लिहून घेतलं. सोबत पाच रुपयांची मनिऑर्डर. अण्णाचं उत्तर आलं, वह्या तालुक्याला आहेत, अर्ज दिला आहे, वेळ लागेल.

तीस एप्रिलला गुणाजीने साच्याला हात जोडले आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र राज्य झालं. लालबाग-परळ दिव्यांनी उजळलं, चाळीत पेढे वाटले. गुणाजी नातीला खांद्यावर घेऊन रोषणाई बघून आला, तिला उतरवून ठेवली आणि ट्रंकेजवळ बसला. "राज्य आपला झाला," तो दुर्गाला म्हणाला. "पगार तेवढो गेलो." घसा बसेपर्यंत तो ज्या गोष्टीसाठी ओरडला होता ती मिळाली होती. तो हसायचा प्रयत्न करत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

दाखला जूनमध्ये आला. सरकारी शिक्का, स्वच्छ आकडा, १९०५. नॉर्मनने तो दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. यादी वर गेली होती, गुणाजीच्या साच्यावर दुसरा माणूस लागला होता. दुर्गाने तो कागद ट्रंकेत ठेवला आणि मला लावलं. सहा वर्षांत माझ्याकडे आलेली ती एकच वस्तू अशी होती की जिच्यासाठी पुन्हा कुणी मला उघडणार नव्हतं.

फंड मिळाला. वाण्याचं देणं आणि ऑपरेशनला काढलेली उसनवारी फेडल्यावर निम्म्या छपराच्या कौलांपुरता उरला. म्हशीचं नाव कुणी काढलं नाही. पगार नाही तर खोलीचं भाडं कोण भरणार? गणपतीनंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा दोघांनी खोली सोडली. अण्णाने लिहिलं होतं, या, पडवी रिकामी आहे.

निघायच्या दिवशी ट्रंक न्यायला भंगारवाला आला. दुर्गाने दाखला काढून बोचक्यात ठेवला, बाकीचं आवरलं, झाकण लावलं आणि सवयीने मला लावलं. नेहमीसारखं एकदा ओढून बघितलं, कपाळाला हात लावला. मग आपण काय करतोय ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला. पण गुणाजीने खालून हाक मारली, धक्क्याला पोचायचं होतं, आणि ती पदर सावरत उठून गेली. किल्ली तिच्या गळ्यातच राहिली.

भंगारवाल्याने हातोडीने घाव घालून पाहिले. मी हललो नाही. शेवटी त्याने कोयंडाच कापला. ट्रंक रिकामी होती. त्याने मला शिवी दिली आणि या टोपलीत टाकलं.

तेव्हापासून मी बंद आहे. भाड्याला उघडत नाही, औषधाला उघडत नाही, कुणाच्या खऱ्या कारणालाही नाही. जे सहा वर्षं जमायला हवं होतं ते आता जमतंय, आणि माझ्या मागे कोयंड्याचा तुकडासुद्धा नाही.

मला विकत घेतलंत तरी चालेल, नाही घेतलंत तरी चालेल. फक्त कधी देवगडकडे गेलात आणि एखाद्या पडवीत गळ्यात किल्ली घातलेली म्हातारी दिसली, तर तिला एवढं सांगा, की तुझं कुलूप अजून लावलेलंच आहे.