न निवलेले मणी

गल्लीत तिला सगळे मणीवाली म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. काचेची कांडी गॅसच्या ज्योतीत धरायची, पघळली की पातळ तारेवर गुंडाळायची, तार बोटांत फिरवत राहायची, की झाला मणी. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल! बोटं भाजतात, डोळे चुरचुरतात आणि एवढं करून हातात पडतो तो बटाटा. तिचे मणी तसे नसत. गोल गरगरीत, आणि रंग इतका खोल बसलेला की बघणारा मणी उजेडात धरून आत डोकावायचाच.

विकायचं काम वन्सं करत. वन्सं म्हणजे तिची मोठी नणंद. नोकरी सुटल्यावर भावाकडे राहायला आल्या आणि आल्या आल्या त्यांनी फोनमध्ये मण्यांचं दुकान मांडलं. फोटो काढणं, उत्तरं देणं, तारखा कबूल करणं, सगळं त्यांच्याकडे. आणि काय ते गोड बोलणं! घरात भावाला एक शब्द सरळ बोलायच्या नाहीत, पण ग्राहक म्हटला की नुसती साखर पेरायच्या. कुणी रात्री विचारलं तरी उत्तर, कुणी चिडलं तरी हसरा चेहरा. ग्राहक नाराज होऊन गेला असं आपल्या दुकानात घडलेलं नाही, हे त्या आल्यागेल्याला ऐकवत.

निळ्या माळेचं असंच झालं. एका बाईला मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला घालायला निळ्या मण्यांची माळ हवी होती, शुक्रवारच्या आत. वन्संनी मणीवालीला न विचारताच लिहून टाकलं, नक्की पोचेल, अगदी निश्चिंत राहा. मंगळवारी दिवसभर वीज नव्हती. मणी झाले ते बुधवारी सकाळी, आणि पार्सलवाला यायचा दुपारी एकला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्योतीतून काढलेला मणी लगेच उघड्यावर ठेवत नाहीत. त्याला विजेच्या छोट्या भट्टीत घालून दिवसभर हळूहळू निवू द्यावं लागतं. घाईने बाहेर काढला तर तो वरून गार होतो, आतून मात्र ताणलेलाच राहतो. दिसायला दोन्ही मणी सारखे, सख्ख्या आईलाही ओळखू येणार नाहीत इतके. पण तो ताणलेला मणी उद्या म्हणा, चार महिन्यांनी म्हणा, कुणी हातही न लावता तडकतो. हे मणीवालीला पाठ होतं. ती नव्या शिकणाऱ्यांना पहिल्या दिवशी हेच सांगायची.

तरी तिने साडेबाराला भट्टीचं दार उघडलं. वन्सं दारात उभ्या होत्या, पार्सलवाल्याचा फोन येऊन गेला होता, आणि आजवर कधी काही झालं नव्हतं. लहान मणी आहेत, काही होत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. तेरा मणी निघाले. बारा ओवून पाठवले, एक नमुन्याचा म्हणून खिडकीतल्या बशीत ठेवला.

त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी ती बशी पुसायला गेली आणि तिच्या बोटातून रक्त आलं. बशीत मणी नव्हता, मण्याची दोन भकलं होती. कुणी पाडला नव्हता, कुणी शिवला नव्हता. भकलाची कड पात्यासारखी. बोट तोंडात धरून ती थेट वन्संकडे गेली आणि विचारलं, त्या निळ्या माळेवालीचं काही आलं का?

वन्संचा चेहरा खुलला. आलं म्हणजे काय, परवाच आलं, पाच तारे! दाखवायचं राहूनच गेलं बघ, म्हणत त्यांनी फोन पुढे केला. फोटोत बाईच्या गळ्यात माळ होती, मांडीवर गोबरं बाळ होतं, आणि माळेतला एक मणी बाळाच्या तोंडात होता. खाली लिहिलं होतं: 'दात येताहेत ना, दिवसभर हीच माळ चघळायला हवी असते साहेबांना. तुमचे मणी म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यांत आवडतं खेळणं झालंय.'

मणीवाली तिथेच पलंगावर बसली. वन्सं विचारत होत्या, अगं झालं काय. तिने भकलं त्यांच्या तळहातावर ठेवली.

वन्संना समजायला वेळ लागला नाही. घाबरल्याही त्या, नाही असं नाही. पण घाबरल्या तरी दुकानदार त्या दुकानदारच. आपण लिहू, त्या म्हणाल्या, की माळ परत पाठवा, आम्ही फुकट चमकवून देतो. म्हणजे तिला संशय यायला नको आणि माळही घरातून निघेल. मणीवालीने ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. तिने लिहिलं: 'माळ आत्ताच्या आत्ता बाळापासून दूर ठेवा. मणी तडकू शकतो.'

निरोप गेला, पण कुणी वाचला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पार्सलच्या घरी राहिलेल्या चिठ्ठीवर नंबर होता, त्यावर तिने आपल्या फोनवरून लावला. घंटा वाजत राहिली. सात वेळा लावला, सातही वेळा तसंच. आठव्यांदा लावायच्या ऐवजी तिने चपला घातल्या. चिठ्ठीवर पत्ता होता, बसने दोन तासांचा रस्ता. वन्सं म्हणाल्या, तू गेलीस आणि तिकडे सगळं ठीक असलं तर काय तोंड दाखवशील? तसं झालं तर तुमच्यासाठी पेढे आणीन, ती म्हणाली आणि जिना उतरली.

ते दोन तास तिचे तिलाच माहीत. बस प्रत्येक थांब्यावर थांबायची आणि तिला वाटायचं, उतरून पळत जावं. समोरच्या बाकावर एक बाई लेकराला बिस्किट भरवत होती. लेकरू कुटूकुटू चावत होतं आणि त्या आवाजाने मणीवालीच्या अंगावर काटा येत होता. तिने मान फिरवली. चारदा फोन लावला. कंडक्टरला थांब्याचं नाव दुसऱ्यांदा सांगावं लागलं. आपण कशाला उघडलं ते दार, कशाला उघडलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं ते फोटोतल्या बाईनेच. मणीवालीने आपण कोण ते सांगितलं तर ती चकितच झाली. अय्या, तुम्ही स्वतः? या ना आत! फोन ना, बाळ झोपलंय म्हणून आवाज बंद करून ठेवलाय. बोलता बोलता तिने खुर्चीवरचे कपडे उचलले, पाणी आणलं. मणीवालीने पाण्याला हातही लावला नाही. माळ कुठाय, तिने विचारलं.

माळ आली. मणीवालीने ती मोजली. मग पुन्हा मोजली. अकरा.

बाई जरा ओशाळली. 'एक तडकला हो परवा. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या त्या ताई इतक्या गोड बोलतात, म्हटलं एवढ्याशासाठी कशाला तक्रार करायची. उलट त्याच संध्याकाळी मी छान लिहिलं तुमच्याबद्दल.'

'तुकडे सापडले?'

'अर्धा पलंगाखाली होता. दुसरा केरात गेला असेल.'

बाळ जेवलं का आज, मणीवालीने विचारलं. बाई म्हणाली, कालपासून नीट खातच नाही, नुसती लाळ गळते, रडूनही आवाज बसलाय. दात येताना होतंच म्हणे असं. सासूबाईंनी फोनवर तसंच सांगितलं. हे सगळं ती हसतच सांगत होती, पण सांगता सांगता मणीवालीचा चेहरा तिला दिसला, आणि तिचं हसू थांबलं.

पुढे कोण काय बोललं ते दोघींनाही धड आठवलं नसतं. बाळाला उचललं तर ते घोगरं रडलं, उशी लाळेने भिजलेली होती. दाराला कुलूप लावायचंही राहिलं. खाली मिळाली ती गाडी पकडून दोघी इस्पितळात पोचल्या. गाडीत बाईने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने मणीवालीचा हात. तुम्ही आलात म्हणून, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, देवासारख्या आलात. मणीवालीला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता आणि धीर होत नव्हता.

क्ष-किरणांच्या फोटोत तुकडा दिसला. अन्ननलिकेत, मधोमध, आडवा अडकलेला. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला ठाम. बाळाला गुंगी देऊन तोंडातून नळी घालायची, चिमट्याने तुकडा धरायचा आणि अलगद ओढून घ्यायचा, असं तिने समजावून सांगितलं. बाईने सही केली. परिचारिका बाळाला घेऊन आत गेली. डॉक्टरीणही वळली, आणि मग थांबली.

'काच कसली आहे ही? चिमट्यात धरली तर टिकेल ना?'

'यांनीच केलाय तो मणी,' बाई चटकन म्हणाली. 'यांचं काम अगदी पक्कं असतं. तुम्ही काळजी करू नका.'

डॉक्टरीण मणीवालीकडे बघत होती. बाईही बघत होती, केवढ्या भरवशाने! मणीवालीच्या मनात क्षणभर आलं, काच चांगली आहे एवढंच म्हणावं. खोटं तरी कुठे आहे, काच चांगलीच होती. पण तिच्या डोळ्यांपुढे बशीतली ती दोन भकलं आली. बशीत त्या मण्याला कुणी शिवलंही नव्हतं. इथे तर चिमटा.

'नाही टिकणार,' ती म्हणाली. 'दाबली तर आतल्या आत चुरा होईल. तो मणी मी पुरता निवू दिला नाही. दिवसभर भट्टीत ठेवायचा, तो चार तासांत बाहेर काढला.'

'नक्की?'

'नक्की. दाबू नका त्याला. काहीही करा, दाबू नका.'

डॉक्टरीण म्हणाली, चिमटा रद्द, जाळीच्या पिशवीत घेऊन काढू, वेळ लागेल पण घेऊ. बरं झालं सांगितलंत. आणि ती आत गेली, दार मिटलं.

बाकावर दोघीच राहिल्या. बाईने हात कधी काढून घेतला ते मणीवालीला कळलंही नाही. मणीवालीला वाटलं, रडेल, ओरडेल, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

'पाठवताना माहीत होतं तुम्हाला?'

'हो.'

'मग का पाठवलीत?'

'तुम्हाला शुक्रवारी हवी होती. तुम्ही नाराज व्हाल असं वाटलं.'

बाई समोरच्या दाराकडे बघत राहिली. मणीवालीला तिथून उठून पळून जावंसं वाटलं, खरंच वाटलं, जिन्यापर्यंत पाच पावलं होती. पण बाईनेच मान न वळवता सांगितलं, बसा इथेच, तो बाहेर येईपर्यंत. ती बसली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते तिला त्या बाकावर कळलं. आतून काही आवाज यायचा नाही, आणि न येणाऱ्या आवाजालाच ती भीत होती.

पाऊण तासाने दार उघडलं. डॉक्टरिणीच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती आणि तिच्यात तो तुकडा, अख्खा, लाळेने माखलेला. थोडं ओरखडलंय, ती म्हणाली, दोन दिवस इथे ठेवू, पण निभावलं. बाईने भिंतीला हात टेकला. मणीवालीला वाटलं आता तरी ती रडेल, आणि आपल्यालाही रडता येईल.

पण बाई दोन पावलं आत गेली आणि मागे फिरली.

'असे न निवलेले मणी अजून किती घरांत गेलेत?'

एकाही नाही, हे मणीवालीच्या ओठांवर आलं होतं. दुकानाची सवय, दुसरं काय. मग तिला घाईच्या तारखा आठवायला लागल्या. लग्नाला जाणारी ती. परदेशी निघालेली ती. कानातले हवे होते ती. आणि शिक्षिका, जिने वर्गातल्या लहान मुलांना ओवायला शिकवायचं म्हणून मूठभर मणी मागवले होते, सोमवारपर्यंत, म्हणजे आजच्यासाठी.

'चार,' ती म्हणाली.

बाई आत गेली. मणीवालीने फोन काढला. एकेक आकडा दाबत तिने वन्संना लावला. त्या काही विचारायच्या आत ती म्हणाली, 'त्या शिक्षिकेचा नंबर द्या. शाळा सुटायच्या आधी.'