दुपारचा बॅकअप

कुसुमताईंनी घरचा मिक्सर प्रेमानंदच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तो सर्व्हरचा पासवर्ड बदलत होता.

“भाऊ, चटणीचं भांडं लावलं का फिरूनच नाही राहिला,” त्या म्हणाल्या. “जरा पाहून घ्या.”

“कुसुमताई, मी कॉम्प्युटरवाला आहो.”

“मंग? वायर त याले बी हाय.”

वाडीतल्या या बळीराम रोडलाइन्समध्ये आपली नेमणूक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून झाली आहे, हे एकट्या प्रेमानंदलाच ठाऊक होतं. बाकी ऑफिसच्या मते वायर असलेली प्रत्येक वस्तू त्याची होती. पंखे, इन्व्हर्टर, देवाच्या फोटोवरची दिव्यांची माळ, मालकांच्या सासूबाईंचा मोबाइल. मोबाइलला वायर नव्हती, पण चार्जरला होती.

त्यानं मिक्सर उलटा केला, तेवढ्यात मालकांचं बोलावणं आलं. मालक म्हणजे जितेंद्र, बळीरामजींचा मुलगा. वडिलांनी ट्रक जमवले होते. मुलानं केबिनला काच बसवली होती.

“बसा प्रेमानंदजी. पुण्याची एक कंपनी आहे. आपले सारे कॉम्प्युटर तिथूनच सांभाळते म्हणे. बिघडलं का फोन लावायचा, ते तिकडूनच नीट करून देतात. इकडं माणूस ठेवाची गरजच नाही.”

इकडचा माणूस समोरच बसला होता.

“चांगली आयडिया आहे,” तो माणूस म्हणाला. मालकांच्या केबिनमध्ये तोंडातून आधी हेच वाक्य निघायची त्याला सवय झाली होती.

“एक हप्ता ट्रायल घेऊ. ते बी राहतील, तुम्ही बी राहा. मंग कोणी तरी एकच ठेवू.”

“ठरवणार कोण?”

“तुम्हीच पाहा ना. मले त्यातलं काही समजत नाही. कोण चांगलं आहे ते तुम्हीच सांगून द्या.”

ज्याची नोकरी राहायची की जायची, त्यालाच पंच नेमण्यात जितेंद्रला काही वावगं वाटलं नाही. गंमत म्हणजे प्रेमानंदलाही वाटलं नाही. कॉम्प्युटरचं काहीही ठरवायचं असलं की इथं त्यालाच विचारत, ही रीतच होती.

चहा येण्याआधी बातमी ऑफिसभर झाली. कुसुमताई बिल्टीच्या टेबलावर बसत. प्रत्येक ट्रकसोबत मालाची जी पावती जाते, ती बिल्टी. ती हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. त्यामुळे ऑफिसात मालकांच्या खालोखाल शब्द कुसुमताईंचा.

“टेन्शन नका घेऊ भाऊ. त्या पुण्याले कोणी फोनच नाही लावणार. सांगून ठेवलं मी साऱ्याईले. हप्ताभर एक बी फोन नाही गेला, का मालक सोताच म्हणतीन, यांची गरज काय आहे बाप्पा?”

आणि खरंच, कोणी फोन लावला नाही. कुणाचा माउस अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की लोक प्रेमानंदला डोळ्यानं खुणावत आणि तो चोरासारखा जाऊन दुरुस्त करून येई. सगळ्यांना मोठी मजा वाटत होती. पंच मात्र अस्वस्थ होता. आखाड्यात एकच पहिलवान उतरला, तर कुस्ती कशाची बघायची?

अशात एका दुपारी सर्व्हर नेहमीसारखा रेंगाळला. वर्षानुवर्षं तो जेवणानंतर रेंगाळत असे. प्रेमानंदनं कारण शोधून पाहिलं होतं, मालकांना समजावून पाहिलं होतं, आणि दरवेळी उत्तर मिळालं होतं, “बंद करून चालू करा.” आज त्यानं सर्व्हरच्या खोलीचं दार लावलं आणि पुण्याला फोन केला.

“नमस्कार, मी वैदेही. काय अडचण आहे सर?”

प्रेमानंदनं घसा साफ करून जमेल तितकी शुद्ध भाषा काढली. “आमचा सर्व्हर दुपारी स्लो होतो, मॅडम.”

“लॉग पाहिलेत का?”

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मशीन दिवसभर काय काय करतं, याची नोंद ते स्वतःच ठेवतं, हे या इमारतीत त्याच्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं. घरी बायकोला, मेघाला, एकदा सांगायला गेला होता, तर तिनं त्याच्या हातात निवडायला मेथी दिली होती. आणि इथं एक अनोळखी बाई पहिल्याच वाक्यात लॉग विचारत होती.

“पाहिलेत ना मॅडम,” तो म्हणाला, आणि मग जो सुटला तो सुटलाच. मेमरीबद्दल बोलला, जुन्या स्विचबद्दल बोलला, उंदरानं कुरतडलेल्या केबलबद्दल बोलला. वैदेही मध्येच “बरोबर” म्हणे, मध्येच “नाही सर, ते कारण नसणार” म्हणे. ते ‘नाही’ त्याला ‘बरोबर’पेक्षाही गोड लागलं. ‘नाही’ म्हणायला समजावं लागतं. पडद्यावर बाण आपोआप फिरत होता. तिकडून ती शोधत होती आणि तो खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता, शेवटच्या षटकात बसतात तसा.

बाण थांबला.

“सर, तुमचा बॅकअप भर दुपारी चालतो. असा का ठेवलाय?”

“तेव्हा आमच्याकडं रात्री लाइन जायची, मॅडम. लोडशेडिंग होतं. म्हणून दुपारचा लावला.”

“आता जाते?”

“आता... नाही जात.”

लोडशेडिंग संपलं, बळीरामजी गेले, जितेंद्रचं पोट सुटलं; बॅकअप तेवढा दुपारीच राहिला. वैदेहीनं तो रात्रीवर टाकला. जेवणानंतरचा सर्व्हर सकाळसारखा पळू लागला.

“आणखी एक, सर. तुमची डिस्क फार दिवस टिकणार नाही. आजच दुसरी लावून घ्या, मी सगळा डेटा तिच्यावरही उतरवत राहते.” मग तिनं कंपनीच्या नियमाप्रमाणे शेवटचं वाक्य म्हटलं, “तुमची समस्या सुटली का, सर?”

हा प्रश्न आजवर प्रेमानंदच इतरांना विचारत आला होता, बहुतेक वेळा टेबलाखालून.

तो बाहेर आला तो जवळजवळ उड्या मारतच.

“कुसुमताई, सापडलं. दुपारच्या बॅकअपनं सारा घोळ होता. माहाच लावलेला.”

“कोणाले सापडलं?”

“पुण्याच्या मॅडमले.”

कुसुमताईंनी चष्मा काढला. “तुमची चूक पुण्यानं धरली, अन् तुम्ही पेढे वाटाले निघाले? डोकं जागेवर आहे ना भाऊ?”

त्या दिवसापासून कुसुमताईंनी मिक्सरचा विषय काढणं बंद केलं. प्रेमानंदच्याही तो लक्षात राहिला नाही. त्यानं नवी डिस्क बसवली आणि काही ना काही निमित्त काढून पुण्याला फोन लावत राहिला.

ट्रायल संपायच्या दिवशी काटोलहून संत्र्याचे ट्रक आले. दिल्लीला जायचा माल, आवारात पाय ठेवायला जागा नाही, ड्रायव्हर बिल्टीच्या खिडकीत डोकी घालून उभे. आणि प्रिंटरची करकर अर्ध्या बिल्टीवर थांबली. सगळे पडदे काळे झाले.

“भाऊ!” कुसुमताई ओरडल्या. ऑफिसातले सगळेच ओरडले.

प्रेमानंद खोलीत पोचेपर्यंत फोन कानाला लागला होता.

“मॅडम, गेली डिस्क.”

“जाऊ द्या, तिची वेळच झाली होती. आता मी सांगते तसं करा. निळी वायर काढा.”

“काढली.”

“नव्या डिस्कला लावा. थांबा. आता.”

त्यानं लावली. तिकडं तिनं काहीतरी दाबलं. हजार कामं असलेली दोन माणसं एका हिरव्या दिव्याची वाट पाहत होती. दिवा लागला. बाहेर प्रिंटरनं करकर करत उरलेली अर्धी बिल्टी बाहेर काढली आणि आवारातून पहिल्या ट्रकचा हॉर्न आला. प्रेमानंदनं भिंतीवर मूठ आपटली. कितीतरी दिवसांत त्याला इतकं छान वाटलं नव्हतं.

बाहेर जितेंद्र उभा होता.

“कोणं केलं हे?”

“यायनंच केलं, भाऊनं,” कुसुमताई तातडीनं म्हणाल्या. “धावत गेले अन् चालू करून देल्लं. पाहा, माणूस इथं होता म्हणून झालं.”

सगळं ऑफिस प्रेमानंदकडे बघत होतं. मान हलवली असती तरी पुरे होतं.

“नाही,” तो म्हणाला. “डिस्क जाणार हे पुण्याच्या मॅडमनं आधीच ओळखलं होतं. मले नव्हतं समजलं. मी नुसती वायर लावली.”

“वायर लावाले त माणूस लागते ना?” कुसुमताई दातांतल्या दातांत म्हणाल्या.

“ते मी तुम्हाले शिकवून देतो, ताई. निळी आहे, चुकत नाही.”

जितेंद्रनं गाल खाजवला. “म्हणजे मंग कोण ठेवाचं?”

“त्यांनाच ठेवा,” पंच म्हणाला.

घरी मेघानं सगळं ऐकून घेतलं, हिरव्या दिव्यासकट.

“अवो, म्हणजे तुमची नोकरी गेली का?”

“हो. पण एक बी बिल्टी नाही गेली, मेघा. अर्धी छापलेली होती, ते बी पुरी निघाली.”

मेघानं त्याच्या हातात मेथी न देता चहा दिला.

शेवटच्या दिवशी एक काम राहिलं होतं. माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याचं खातं बंद करायला ऑफिसातल्या कुणीतरी पुण्याला कळवायचं, असा नवा नियम होता. जितेंद्र रायपूरला गेला होता. कुसुमताई म्हणाल्या, “मी नाही लावत फोन. माही मान कापली तरी नाही.” तेव्हा प्रेमानंदनंच लावला.

“नमस्कार, मी वैदेही.”

“मॅडम, एक खातं बंद करायचंय. नाव, प्रेमानंद.”

तिकडची कीबोर्डची टकटक थांबली. “सर, हे तर तुमचंच.”

“हो. आत्ताच करून टाका. गेलेल्या माणसाचं खातं उघडं राहणं बरं नाही.”

थोड्या वेळानं टकटक पुन्हा सुरू झाली, हळू. “केलं, सर.”

“थांबा, तपासून पाहतो.”

त्यानं आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. असा कोणी वापरकर्ता नाही, असं पडद्यावर आलं. त्यानं पुन्हा एकदा टाकून पाहिलं. पुन्हा तेच आलं.

“एकदम बरोबर चाललंय,” तो म्हणाला.

“सर, विचारावं लागतं म्हणून विचारते.” तिचा आवाज जरा अडखळला. “तुमची समस्या सुटली का?”

“सुटली मॅडम,” प्रेमानंद म्हणाला आणि फोन ठेवला.

पलीकडे कुसुमताई मान खाली घालून प्रिंटरमधून निघालेल्या बिल्ट्या फाडून वेगळ्या करत होत्या. त्यानं खिशातून पेचकस काढला, टेबलाखालून मिक्सर पुढे ओढला आणि पहिला स्क्रू सोडवायला घेतला. ऑफिस सुटायला अजून थोडा वेळ होता.