लिफ्टमधला डबा

आखातातल्या रुवीच्या त्या उंच बिल्डिंगमध्ये साबेराचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि गुलबानू खालाचं आठव्यावर. दोघी रत्नागिरीकडच्या. खाला एकटी, कानाने अधू. मुलगा दूर निझव्याला एका दुकानात, येणार जुम्म्याच्या सुट्टीला. रोज रात्री साबेरा सालन-भाताचा डबा लिफ्टमध्ये ठेवी, आठचं बटण दाबी आणि खालाला फोन करी. सकाळी डबा तसाच लिफ्टने खाली येई. धुतलेला, पण रिकामा कधीच नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून चार खजूर तरी असायचेच. डबा आला की साबेरा म्हणे, "चला, खाला उठल्या."

त्या दिवशी पहाटेपासून लिफ्टला कार्ड लागलं. ज्याचं कार्ड, त्याचा मजला, नाहीतर थेट तळमजला. सुरक्षेसाठी म्हणे! कसली डोंबलाची सुरक्षा! सकाळी डबा आला नाही.

"येणार कुठून? त्यांच्या कार्डावर लिफ्ट आपल्याकडे थांबायचीच नाय," साबेरा करवादली. खालाला फोन लावला; वाजून वाजून थांबला. फोन बेडरूममध्ये ठेवून किचनमध्ये बसायची खालाची सवयच होती.

"संध्याकाळी वॉचमनला सांगतो, तो कार्डाचं करून देईल. खलास!" असं म्हणून तिचा नवरा मुनीर लांब बरक्याला कामावर निघून गेला.

दिवसभर साबेरा कार्डाच्या नावाने बोटं मोडत राहिली. शेजारणीकडे चहा पिताना तिने कार्ड बसवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पाच मजले चढायचे तर गुडघे जीव घेतात, म्हणून वर जायचं तेवढं राहून गेलं. दुपार कलली, असरची नमाज झाली आणि तिच्या काळजात चर्र झालं. कार्डामुळे डबा अडला असेल, पण खाला गप्प बसणारी बाई आहे का? कधीचा फोन करून तिने भंडावून सोडलं असतं.

मग मात्र ती धापा टाकत जिना चढू लागली. जिन्याची दारं आग अडवणारी, जाडजूड. आतला आवाज बाहेर जात नाही. लिफ्ट असताना त्या जिन्यात फिरकतो कोण?

पाचव्याच्या वळणावर खाला पडली होती. पाय विचित्र मुडपलेला, ओठ सुकलेले, डबा पोटाशी धरलेला.

"या अल्ला! खाला!" साबेराने तिचं डोकं मांडीवर घेतलं, मुनीरला फोन लावला, अँब्युलन्स बोलवायला सांगितलं.

खालाने डोळे किलकिले केले. लिफ्ट ऐकेना म्हणून सकाळीच ती डबा घेऊन जिन्याने निघाली होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता.

"मी घाबरले नाय गो," ती कशीबशी म्हणाली. "डबा नाय पोचला म्हंजे तू बघायला येशील, म्हायत होतां मला."

साबेराला रडू फुटलं. डबा आला नाही हे तिला सकाळीच कळलं होतं, एवढं सांगायला काही तिची जीभ उचलेना.